स्वतःचं संगीत पहिल्यांदा कुठे टाकावं? माझं मत: जिथून ते उतरवून घेता येतं तिथे

खर्ज (धागाकर्ता)

एका मित्राने घरीच मुद्रित केलेल्या आठ रचना मला पाठवल्या आणि विचारलं, "कुठे टाकू?" मी काही बोलायच्या आत आमच्यातल्या तिघांनी सांगून टाकलं: स्पॉटिफायवर टाक, सगळे तिथेच ऐकतात. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो, विरोधी मतंही हवी आहेत.

नव्या रचनेचा पहिला मुक्काम अशा जागी असावा, जिथे ऐकणारा ती फाइल उतरवून कायमची जवळ ठेवू शकतो. म्हणजे बँडकॅम्प (कलाकार आपलं संगीत थेट विकतात ती साइट), नाहीतर स्वतःची वेबसाइट. स्ट्रीमिंग सेवांवर जायला माझी ना नाही, पण ते नंतर.

मायस्पेस ही जुनी सोशल साइट आठवतंय? २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तिथे चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना गेलं, हे कंपनीने २०१९ मध्ये मान्य केलं. सुमारे पाच कोटी गाण्यांचा आकडा तेव्हा छापून आला होता. नंतर इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयावर त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी परत आली. ती का वाचली, तर अभ्यासासाठी कुणीतरी ती आधीच उतरवून ठेवली होती म्हणून! मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. एमपीथ्री डॉट कॉमचंही तेच. २००३ मध्ये ती साइट विकली गेली आणि हजारो हौशी कलाकारांनी तिथे ठेवलेला साठा काढून टाकण्यात आला. ज्या गाण्याच्या प्रती लोकांच्या हार्डडिस्कवर असतात, ते साइट बुडाली तरी मरत नाही.

दुसरा मुद्दा पैशांचा. स्पॉटिफायवर आपल्याला थेट गाणं चढवता येत नाही. २०१८ मध्ये काही कलाकारांना तशी सोय देऊन पाहिली होती, पण पुढच्याच वर्षी ती बंद झाली. मध्ये वितरक (आपली गाणी सेवांपर्यंत पोचवणारी कंपनी) लागतो, आणि तो एकतर दरवर्षी फी घेतो किंवा उत्पन्नातला वाटा. त्यात २०२४ पासून नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकली न गेलेली रचना रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीत धरलीच जात नाही. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, पेमेंटचा खर्च वेगळा, उरलेलं आपलं. तीस जणांनी अल्बम घेतला तर तीस जणांचे पैसे येतात, हजार वेळा ऐकलं जाईपर्यंत थांबावं लागत नाही.

---

काळी_दोन

पूर्ण असहमत.

१००० वेळांचा नियम मलाही आवडत नाही, पण त्यावर युक्तिवाद उभा करू नका. वर्षात ९०० वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याचे जे पैसे बुडतात, ते इतके किरकोळ असतात की त्यांच्यासाठी जागा निवडायचं कारण नाही.

खरा प्रश्न असा आहे की गाणं ऐकणाऱ्याच्या दिवसात शिरतं का. मी माझा पहिला अल्बम तुमच्याच पद्धतीने फक्त बँडकॅम्पवर ठेवला होता. ओळखीच्यांना लिंक पाठवली. त्यांनी उघडली, ऐकली, "छान आहे" म्हणाले, आणि टॅब बंद केला. वर्षभराने तेच अल्बम स्ट्रीमिंगवर आलं. मग एका मैत्रिणीने त्यातली एक रचना तिच्या रोजच्या चालण्याच्या प्लेलिस्टमध्ये टाकली. ती आता माझं गाणं आठवड्यातून चारदा ऐकते, तिच्या आवडत्या गायकांच्या मधोमध. मला यापेक्षा मोठं काही नको. फाइल उतरवून घ्यायची, फोनमध्ये कॉपी करायची, मग वेगळ्या अ‍ॅपमध्ये लावायची, एवढं कोण करतं?

आणि बँडकॅम्पला घर कसं म्हणता? २०२२ मध्ये ते एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीत-परवान्यांच्या कंपनीला विकलं गेलं, आणि त्या व्यवहारात जवळपास अर्ध्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तेही भाड्याचंच घर.

---

खर्ज

भाड्याचं आहे, मान्य. म्हणूनच मी जागेपेक्षा प्रतीवर भर देतोय. उद्या बँडकॅम्प बंद पडलं तरी ज्यांनी फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली ध्वनिफाइल) उतरवून घेतली त्यांच्याकडे गाणं राहील. तुमच्या मैत्रिणीच्या प्लेलिस्टमध्ये मात्र त्या ओळीचा रंग फिका होईल आणि गाणं वाजणार नाही.

बाकी तिचं उदाहरण मनाला भिडलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

रात्रपाळी

गाणं असं सेवांवरून गायब होण्याचा अनुभव मी घेतला आहे. माझा वितरक वर्षाच्या फीवर चालतो. कार्डाची मुदत संपली, फी गेली नाही, आणि आठवणीच्या मेल भलत्याच फोल्डरमध्ये पडून राहिल्या. चार वर्षांत केलेल्या सगळ्या रचना सगळ्या सेवांवरून उतरल्या. पुन्हा चढवताना मी आणखी एक चूक केली. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा कोड असतो. मी जुना कोड न देता नवा घेतला, त्यामुळे सेवांनी त्या रचना नव्या समजल्या आणि ऐकण्याचे आकडे शून्यावर आले. वितरक बदलणार असाल तर आधी हे कोड लिहून ठेवा, कृपया.

पण मी खर्ज यांच्याही बाजूचा नाही. तुम्ही दोघं पूर्ण झालेल्या अल्बमबद्दल बोलताय. माझ्यासारख्यांना अर्धवट काम दाखवायची जागा लागते, आणि ती साउंडक्लाउड ही ध्वनिफाइल चढवायची साइट आहे. तिथे ध्वनीच्या आलेखावर नेमक्या सेकंदाला शेरा लिहिता येतो. "२:१०ला बास आणि किक एकमेकांवर चढतायत" असा शेरा एका अनोळखी माणसाने लिहिला होता. त्या एका वाक्यावर मी आख्खं मिश्रण बदललं. विकत घेणारा असं सांगत नाही आणि प्लेलिस्टवाला तर नाहीच नाही.

---

जुनी_कॅसेट

साउंडक्लाउडबद्दल एक सावधगिरी. २०२४ मध्ये त्यांनी अटींमध्ये एआयविषयी एक कलम घातलं. चढवलेलं संगीत एआयला शिकवण्यासाठी वापरता येईल, असा त्याचा अर्थ निघत होता. लोकांच्या ते २०२५ मध्ये लक्षात आलं, ओरड झाली, आणि मग कंपनीला शब्दरचना बदलू असं जाहीर करावं लागलं. सव्वा वर्ष कुणी वाचलंच नव्हतं! अर्धवट काम ठेवायचं तर ठेवा, पण खासगी लिंकवर, आणि अटी बदलल्याची मेल आली की ती वाचा.

त्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. बहुतेक सेवांवर सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात जाते आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते. एखादा महिनाभर फक्त मलाच ऐकत असेल, तरी त्याचे पैसे त्याच हंड्यात जातात. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये लहान कलाकारांसाठी हे उलटं केलं: ऐकणाऱ्याचे पैसे त्याने ज्यांना ऐकलं त्यांनाच. मला ही पद्धत न्याय्य वाटते.

मी स्वतः यूट्यूबवर असतो. वाद्यसंगीत शोधणारे लोक तिथे शोधतात, एवढं साधं कारण आहे. उत्पन्नाचं म्हणाल तर जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सदस्य आणि वर्षात ४००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा शॉर्ट्सचे प्रचंड आकडे), तिथे मी पोचलेलो नाही. मनस्ताप मात्र झाला. माझ्याच रचनेवर दुसऱ्या कुणीतरी हक्क सांगितला. कारण शोधलं तर असं निघालं की आम्ही दोघांनी एकाच संग्रहातला ढोलाचा तुकडा वापरला होता आणि त्याने आपली रचना कंटेंट आयडीत (सारखा आवाज आपोआप ओळखून हक्क सांगणारी यूट्यूबची यंत्रणा) नोंदवली होती. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. तेव्हा तयार तुकडे वापरत असाल तर वितरकाच्या फॉर्ममधली कंटेंट आयडीची खूण करू नका, नाहीतर असाच त्रास तुमच्यामुळे दुसऱ्याला होईल.

---

पहिला_सूर

मी अगदी नवी आहे. मला पैसे नकोत, फक्त लोकांनी ऐकावं. मग इंटरनेट आर्काइव्ह पुरेल का?

---

खर्ज

टिकण्यासाठी उत्तम. फुकट आहे, नफ्यासाठी चालत नाही, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (ठरावीक अटींवर इतरांना वापराची मोकळीक) निवडता येतो. पण परवाना विचार करून निवडा. एकदा त्या अटींवर कुणी प्रत घेतली की तुम्ही नंतर मत बदललंत तरी त्याचा हक्क जात नाही.

---

काळी_दोन

@पहिला_सूर, टिकेल, पण तिथे आपणहून तुमच्यापर्यंत कोण पोचणार? नव्या माणसाला पहिल्या वर्षी साठवणीची नाही, कानांची गरज असते. कुणीच ऐकलं नाही तर दुसरी रचना करायचा जीवच राहत नाही. मी असे दोघं पाहिलेत, दोघंही माझ्यापेक्षा चांगले होते. म्हणून इतकं तावातावाने लिहितेय. आधी लोक जिथे आहेत तिथे जा.

---

पहिला_सूर

हे वाचून पोटात गोळा आला, पण कळलं. दोन्हीकडे टाकते, आधी यूट्यूब.

---

रात्रपाळी

खर्ज, तुमच्या मित्राने शेवटी काय ठरवलं?

---

खर्ज

अजून काहीच चढवलेलं नाही. बँडकॅम्पला वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक अशी दर्जा न घटवलेली फाइल लागते, आणि त्याच्याकडे आठपैकी तीन रचनांच्या फक्त एमपीथ्री उरल्यात. मूळ फाइल्स जुन्या लॅपटॉपबरोबर गेल्या. एका रचनेचे सुटे ट्रॅक माझ्याकडे निघाले, मी गिटार वाजवली होती म्हणून. ती आम्ही या रविवारी पुन्हा मिसळतोय. उरलेल्या दोन तो नव्याने मुद्रित करणार आहे.