अनुभव धागा : एक टक्का आणि वस्तीतला फुटबॉल

ऑगस्ट 2017 मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या हुआन माटाने जाहीर केलं की आपल्या पगाराचा एक टक्का तो फुटबॉलमधून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देणार. इतर खेळाडूंनाही त्याने हाक दिली. हा उपक्रम म्हणजे 'कॉमन गोल'. त्याच वर्षी तो मुंबईत येऊन ऑस्कर फाउंडेशनच्या मुलांना भेटला. कफ परेडच्या आंबेडकर नगरातून अशोक राठोड यांनी उभी केलेली ही संस्था.

खेळाडूचं कौतुक आपण करतोच. पण असा पैसा मैदानापर्यंत पोचतो तेव्हा तिथे नेमकं काय बदलतं, हे मला त्या मैदानाजवळच्या माणसांकडून ऐकायचंय. पालक, प्रशिक्षक, देणगीदार, कुणीही लिहा.

मँचेस्टरहून

माटा म्हणजे शांत माणूस. त्या मे महिन्यात इथल्या अरीनात स्फोट झाला, शहर हादरलं होतं, आणि दोनच दिवसांनी स्टॉकहोमला युनायटेडने युरोपा लीग जिंकली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ही बातमी आली. मला भावलं ते हे की त्याने स्वतःच्या नावाची संस्था काढली नाही. सगळ्यांचे पैसे एका निधीत जातात आणि तिथून वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांना वाटले जातात. पाठोपाठ इतर फुटबॉलपटूही आले: मॅट्स हुमेल्स, कियेलिनी, मेगन रॅपिनो, अॅलेक्स मॉर्गन.

आमच्याच मँचेस्टरचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड, त्याची वाट वेगळी. जून 2020 मध्ये त्याने खासदारांना उघड पत्र लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने उन्हाळी सुट्टीतही गरीब मुलांच्या जेवणाची कूपनं द्यायचं मान्य केलं. सुमारे 13 लाख मुलांचा प्रश्न होता. दोघांबद्दल मला सारखाच आदर आहे. पण रॅशफर्डसारखा आवाज प्रत्येकाला नसतो, एक टक्का मात्र कुणालाही जमतो. आम्ही इथली काही मराठी घरं तो बाजूला काढतो.

आंबेडकर नगरातली एक आई

माझी मुलगी खेळते. आमच्याकडे मुलगे लहानपणीच ससून डॉकला जायचे, कोळंबी सोलायची, मासळीच्या पाट्या उचलायच्या. रोज हातात पैसे आले की शाळा सुटलीच. ऑस्करवाल्यांचा नियम एकच, शाळा नाही तर फुटबॉल नाही. आधी मला वाटायचं, मुलांना घाबरवायला म्हणत असतील. पण शेजारच्या पोराने शाळा बुडवली तर त्याला खरंच बाहेर बसवलं, आणि का आला नाही विचारायला घरीही आले. मारून मुटकून जे झालं नाही ते त्याने मैदानासाठी केलं.

मुलीचं अवघड होतं. हाफ पँट घालून सगळ्यांसमोर पळायचं म्हटल्यावर तिच्या बाबांनी साफ नाही सांगितलं. सासूबाईंनी तर बोलणंच सोडलं. मग तिथली एक ताई घरी यायला लागली, पुन्हा पुन्हा यायची. ती आमच्यातलीच, तिच्याही घरी हेच झालेलं. चहा घ्यायची, बाबांशी बोलायची, मैदानाचा विषय शेवटी काढायची. शेवटी बाबा स्वतः मॅच बघायला गेले. आता मुलगी लहान मुलींना शिकवते आणि मुलींच्या घरी जायचं काम तिच्याकडे आलंय. बाहेरचा मोठा खेळाडू आला, फोटो काढले, मुलांना आनंद झाला, ते चांगलंच. पण माझं घर बदललं ते त्या ताईने. तिला दर महिन्याला मानधन मिळत राहिलं म्हणून ती टिकली. नाहीतर तिलाही दुसरी नोकरी बघावी लागली असती.

नागपूरहून, आता प्रशिक्षक

विजय बारसे सरांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या स्लम सॉकर या वस्तीतल्या पोरांच्या फुटबॉल संस्थेमुळे मी खेळात आलो. आम्ही तीन भागांचा फुटबॉल खेळवतो. आधी पोट्टे-पोट्टी एकत्र बसून नियम ठरवतात, मग मॅच, मग पुन्हा बसून कोण कसं वागलं त्याचे गुण. रेफरी नसतो. गोल जास्त करूनही हरता येते बाप्पा! नव्या पोट्ट्यांना हे पटतच नाही, भांडतात. पण काही दिवसांनी तेच पोट्टे "माझा हात लागला" असं स्वतःहून सांगून राहिले असतात. हे एका दिवसाच्या शिबिरात होत नाही, रोज कोणी तरी तिथे उभं राहावं लागते.

एक शिक्षिका

17 वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला त्या वर्षी आमच्या शाळेत नवे चेंडू आले, अख्खी शाळा खेळली. पुढे खेळाच्या सरांची बदली झाली. चेंडू कपाटात होते, हवा भरायचा पंपही होता. खेळ मात्र थांबला.

एका छोट्या संस्थेचे हिशेब बघणारा

वर आंबेडकर नगरातल्या आईने मानधनाबद्दल नेमकं लिहिलंय. देणगीदारांना टी-शर्ट द्यायला आवडतं, त्यावर नाव छापता येतं. मैदानाचं भाडं, बसचं तिकीट, खेळानंतरची केळी, मुलींसाठी पॅड, प्रशिक्षकाचं मानधन, यांवर नाव कुठे छापणार? परदेशातला पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा आधी परवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. म्हणून छोट्या संस्थांना आपल्याच गावातल्या माणसांचा, थोडा पण दरमहा येणारा पैसा फार मोलाचा. वर्षातून एकदा आलेल्या मोठ्या चेकवर मी कुणाला कामावर ठेवू शकत नाही. दरमहा येणाऱ्या पाचशे-पाचशेंवर ठेवू शकतो.

कोल्हापूर

आमच्याकडं फुटबॉलचे संघ पेठेतल्या तालमींचे, त्या तालमीच पोरांना सांभाळतात, बूट म्हणू नका, दवाखाना म्हणू नका. पण पेठेबाहेरच्या, ऊसतोडीला आलेल्या पोरांपर्यंत आम्ही गेलोच नाही. या हंगामात मंडळात विषय काढतो. जुने बूट चालतील का?

हिशेबवाले

चालतील, तळ झिजलेला नको. लहान मापांची टंचाई असते, मोठ्यांचे ढीग पडतात. आणि बुटांबरोबर शिकवणारा कोण, ते आधी ठरवा. तुमच्या तालमीतला खेळायचं थांबलेला एखादा पोरगा असेल तर त्याचं मानधन मंडळाने आधी वर्षभरासाठी बांधून द्यावं.