लहान ध्वनिमुद्रिका कंपन्या यशानंतरच का बुडतात?

जुनी_सुई यांचा प्रश्न

मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीविषयी गेले काही दिवस वाचतो आहे. टोनी विल्सन आणि अ‍ॅलन इरास्मस यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली ही कंपनी नोव्हेंबर १९९२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. बहुतेक ठिकाणी त्याचे खापर न्यू ऑर्डर या वाद्यवृंदाच्या १९८३ सालच्या ‘ब्लू मंडे’ या तबकडीच्या वेष्टनावर फोडलेले दिसते. फ्लॉपी डिस्कसारख्या दिसणाऱ्या त्या वेष्टनाला भोके पाडून घ्यावी लागत, त्यामुळे ते इतके महाग पडले की प्रत्येक प्रतीमागे कंपनीच्या खिशातून पैसे जात, आणि नेमकी हीच तबकडी तुफान खपली. किस्सा फर्मास आहे, पण नऊ वर्षांनंतरच्या दिवाळखोरीचे कारण म्हणून तो मला पटत नाही. जाणकारांनी खरे कारण सांगावे. हे विचारण्यामागे थोडा स्वार्थही आहे, कारण आम्ही तिघे मित्र अशीच एक छोटी कंपनी काढण्याच्या विचारात आहोत.

फीतवाला यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. पुढच्या आवृत्त्यांत भोके नसलेले साधे वेष्टन वापरले गेले, त्यामुळे तो तोटा कायमचा नव्हता. आकडाही प्रत्येकाच्या तोंडी वेगळा असतो, यावरूनच त्यात दंतकथेचा भाग किती आहे ते कळावे.

पैसा गेला तो इमारतींत. २१ मे १९८२ रोजी कंपनीने न्यू ऑर्डरच्या भागीदारीत नौकांच्या जुन्या विक्रीदालनात ‘हासिएंडा’ हा नाइटक्लब उघडला आणि न्यू ऑर्डरच्या तबकड्यांतून येणारा पैसा वर्षानुवर्षे तिथे जिरत राहिला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे मुंगी शिरायला जागा नसे, परंतु त्या काळातली गर्दी एक्स्टसी या अमली पदार्थाच्या गोळ्या घेऊन रात्रभर नाचत असे आणि तहान पाण्यावर भागवत असे. क्लबचा गल्ला भरतो तो मद्यविक्रीवर, त्यामुळे तुडुंब गर्दी असूनही हिशेब जुळत नसे. त्यात १९९० मध्ये कंपनीने चार्ल्स स्ट्रीटवर डौलदार कार्यालय थाटले आणि मालमत्तांचे भाव घसरले. १९९२ मध्ये हॅपी मंडेज या वाद्यवृंदाला ध्वनिमुद्रणासाठी बार्बाडोसला पाठवले, तो खर्च तर हाताबाहेरच गेला.

हे होणार असे सांगणारा माणूस घरातच होता. निर्माते मार्टिन हॅनेट हे कंपनीचे भागीदार होते, आणि क्लबवर उधळण्यापेक्षा हा पैसा स्टुडिओच्या यंत्रसामग्रीत घालावा असे त्यांचे म्हणणे होते. अखेर त्यांनी १९८२ मध्ये कंपनीवर दावा लावला. फॅक्टरीत तबकड्यांप्रमाणेच क्लबला, त्यातल्या मांजरालासुद्धा यादीक्रमांक दिलेला असे. या दाव्यालाही कंपनीने ६१ हा क्रमांक देऊन टाकला. विनोद म्हणून छान आहे, परंतु भागीदाराची तक्रारही कलाकृती म्हणून यादीत चढवणाऱ्या माणसांकडून जमाखर्चाची अपेक्षा करणे व्यर्थ होते.

शेवटचा घाव मात्र कागदाचा होता. लंडन रेकॉर्ड्स ही दुसरी ध्वनिमुद्रिका कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला तयार होती, आणि तिला हवे होते ते प्रामुख्याने न्यू ऑर्डरचे ध्वनिमुद्रण. पण ‘सर्व हक्क कलाकारांचे, कंपनीचे काहीही नाही’ अशा आशयाचा कागद फॅक्टरीने सुरुवातीलाच करून ठेवलेला होता. त्यावर विल्सन यांनी स्वतःच्या रक्ताने सही केली असे सांगतात. थोडक्यात, गिऱ्हाईक दारात उभे होते आणि विकायला माल स्वतःचा नव्हता. न्यू ऑर्डरची पुढची तबकडी १९९३ मध्ये लंडनतर्फेच आली.

मेम्फिसची_वारी यांचे उत्तर

फीतवाला यांच्या शेवटच्या परिच्छेदाला नेमकी उलटी बाजू आहे, ती मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्सची. जिम स्ट्यूअर्ट यांनी १९५७ मध्ये ‘सॅटेलाइट’ या नावाने ही कंपनी काढली. ते स्वतः बँकेत नोकरीला होते. थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन हिने ध्वनिमुद्रणयंत्रासाठी घर गहाण टाकले. मॅकलमोर अव्हेन्यूवरच्या बंद पडलेल्या चित्रपटगृहात स्टुडिओ झाला, त्याची प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच राहिली, आणि पुढच्या खाद्यपदार्थांच्या जागेत एस्टेल तबकड्यांचे दुकान चालवीत. गल्ल्यावर उभे राहून तरुण गिऱ्हाइकांना काय आवडते ते त्या टिपत, आणि त्यावरून पुढे काय मुद्रित करायचे ते ठरण्यास मदत होई. बाजाराची नाडी हाती ठेवण्याचा इतका साधा मार्ग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

वितरण न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सकडे होते, तेही सुरुवातीला तोंडी व्यवहारावर. १९६५ मध्ये लेखी करार झाला आणि स्ट्यूअर्ट यांनी तो विश्वासाने सही करून दिला. १९६७ मध्ये अटलांटिक विकली गेली, तेव्हा कलमे नीट वाचण्याची वेळ आली आणि उलगडा झाला की अटलांटिकने वितरित केलेल्या सर्व मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिकची आहे. त्याच वर्षी १० डिसेंबरला ओटिस रेडिंग यांचा विमान अपघातात मृत्यू झाला होता, म्हणजे सर्वांत मोठा गायक गेला आणि त्याचा आवाजही परक्याच्या मालकीचा ठरला.

तरीही स्टॅक्सने हार मानली नाही. कंपनीचे एक प्रमुख अल बेल यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये एकदम २७ तबकड्या बाजारात आणून नवी यादी उभी केली गेली. पुढे १९७२ मध्ये सीबीएस या ध्वनिमुद्रिका कंपनीशी वितरणाचा करार झाला, तो संबंध बिघडल्यावर माल दुकानांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरी आली. एकदा मालकी गेली आणि दुसऱ्यांदा वाट अडली, दोन्ही वेळा वितरकाच्या हातून.

जुनी_सुई

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. म्हणजे कागद केला तरी घात आणि न केला तरी घात, असा याचा अर्थ घ्यावा काय?

उधारीखाते यांचे उत्तर

तसा अर्थ घेऊ नका, परंतु कागदाच्याही आधी तारखांचा हिशेब करा. मी मित्रासोबत काही वर्षे अशी कंपनी चालवली आहे. तबकड्या दाबून देणारा कारखाना पैसे आगाऊ घेतो, तर वितरक ६० किंवा ९० दिवसांनी देतो आणि न खपलेला माल परत करण्याचा हक्क राखून ठेवतो. आमची पहिली तबकडी ३०० प्रतींची होती आणि ती सुखरूप निघाली. दुसरी चालली, म्हणून वितरकाने हजार मागवल्या. आम्ही उसनवारी करून त्या दाबून घेतल्या, आणि पाच महिन्यांनी त्यांपैकी चारशेहून अधिक परत आल्या. खोक्यांवरची चिकटपट्टीसुद्धा कापलेली नव्हती. कागदोपत्री ते आमचे सर्वांत यशस्वी वर्ष होते.

हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. शिकागोच्या व्ही-जे कंपनीकडे १९६३ मध्ये फोर सीझन्स हा गायकवृंद होता आणि अमेरिकेत बीटल्सच्या सुरुवातीच्या तबकड्याही तिनेच काढल्या. तरी रॉयल्टी थकली, कज्जे लागले आणि १९६६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. १९९१ मध्ये ब्रिटनमधील रफ ट्रेडची वितरणसंस्था कोसळली, तेव्हा जिच्या तबकड्या उत्तम खपत होत्या त्या लहान कंपनीचे येणे सर्वांत मोठे होते, म्हणून तिचेच सर्वाधिक बुडाले.

आपल्या तिघांसाठी सांगायचे तर, फॅक्टरीची खर्च वजा जाता निम्मे-निम्मे वाटणी जरूर ठेवा, ती पद्धत चांगलीच आहे. मात्र ध्वनिमुद्रण ठरावीक वर्षांसाठी कंपनीकडे राहील आणि नंतर कलाकाराकडे परत जाईल असे कलम त्यात लिहून घ्या. वितरकाला मूळ ध्वनिमुद्रणावर कोणताही हक्क देऊ नका, आणि माल परत करण्याची मुदत बीजकावरच छापा. आम्ही ती छापली नव्हती. त्या खोक्यांपैकी सहा अजून माझ्या पलंगाखाली आहेत.