मदत हवी आहे : सोळाव्या महिन्याची गोवरची लस, घरातला वाद आणि एक जुना व्हिडिओ

नमस्कार. मी सोलापूरची. लेक साडेपंधरा महिन्यांची आहे. सोळा महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचे थेंब, असं आशाताईंनी कार्डावर पेन्सिलीने लिहून दिलंय. मला ते वेळेवर द्यायचंय. घरात मात्र गड्ड्याची जत्रा संपल्यापासून या विषयावर कुणी कुणाशी धड बोलत नाही.

आम्ही अक्कलकोट रोडला एकत्र राहतो. सासू-सासरे, मोठे भाऊजी, जाऊबाई (मी त्यांना ताई म्हणते), त्यांचा मुलगा आणि आम्ही तिघं. पुतण्या आता पावणेपाच वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान झालं. त्याआधी दीड वर्ष आम्ही त्याला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवत होतो. ताईंच्या माहेरी कन्नड, शेजारी तेलुगू, घरात मराठी. तीन भाषा कानावर पडतात म्हणून बोलायला उशीर होतोय, थांबा, बोलेल, असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्हाला ते पटलं. सोलापुरात किती घरांत तीन भाषा असतात आणि पोरं तिन्ही बोलतात, हे तेव्हा आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ते दीड वर्ष वाया गेलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

निदान झालं त्या दिवशी आई (सासूबाई) म्हणाल्या, "सोळाव्या महिन्याच्या सुईपर्यंत पोरगं चांगलं होतं की." त्या रात्री त्याला ताप आला होता, हे खरं. "मम्म" आणि "पप्पा" हे दोन शब्द तो बोलायचा, ते पुढच्या दोन महिन्यांत गेले, हेही खरं. मी स्वतः पाहिलंय. तेव्हापासून घरात ते वाक्य पक्कं झालं. सुईला कोण घेऊन गेलं होतं? ताई. त्यांना कुणी तोंडावर काही म्हणत नाही, पण त्या स्वतःच म्हणतात, "माझ्या हातानं नेलं."

इतकी वर्षं हा घरातलाच विषय होता. आता त्यात अमेरिका आली आहे. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेच्या, म्हणजे सीडीसीच्या, संकेतस्थळावरचं पान १९ नोव्हेंबर २०२५ ला बदललं. लसींमुळे स्वमग्नता होत नाही हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही, अशा अर्थाचा मजकूर तिथे आला. भाऊजींना कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. ते म्हणतात, "आता तर अमेरिकेचं सरकारच म्हणतंय. तुझी आशाताई जास्त शिकलीय का?"

यावर मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर मी दोन रात्री बसून वाचलं. जे समजलं ते लिहिते, चुकलं असेल तर सांगा. हा सगळा वाद सुरू झाला १९९८ साली. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने 'द लॅन्सेट'मध्ये फक्त १२ मुलांवरचा लेख छापला आणि एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीकडे बोट दाखवलं. पुढे ब्रायन डिअर या पत्रकाराने खणून काढलं की लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलामार्फत वेकफिल्डला आधीपासून पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदी लेखात बदलून मांडल्या होत्या. २०१० मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. म्हणजे मुळातच खोट. मग आज, इतक्या वर्षांनी, एका देशाचं आरोग्य खातं पुन्हा तिथेच कसं आलं?

माझे प्रश्न असे:

भाऊजींच्या "सरकारच म्हणतंय" याला सरळ, घरात बोलता येईल असं उत्तर काय?

घरात एक मूल स्वमग्न असताना दुसऱ्या मुलाला लस दिली तर धोका वाढतो का? माझा नवरा लसीच्या विरोधात नाही, पण या एका मुद्द्यावर त्याचाही पाय अडखळतो. खरं सांगायचं तर रात्री दोन वाजता माझाही अडखळतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. माझ्या मोबाईलमध्ये पुतण्याच्या बोरन्हाणाचा व्हिडिओ आहे. संक्रांत २०२२, तो आठ महिन्यांचा होता. गोवरचा पहिला डोससुद्धा तेव्हा झालेला नव्हता. हलव्याचे दागिने घातलेत, पोरं बोरं-चुरमुरे वेचताहेत, सगळ्या बायका त्याला नावाने हाका मारताहेत. तो एकदाही वळत नाही. चार मिनिटं मुकुटाच्या जरीकडे बघत बसलाय. मागच्या आठवड्यात मी तो पाहिला आणि अंगावर काटा आला. हा व्हिडिओ ताईंना दाखवू का? सुईचा दोष नाही हे त्यांना पटेल, मनावरचं ओझं उतरेल, असं एक मन म्हणतं. दुसरं मन नको म्हणतं.

*

प्रतिसाद : मी बालरोगतज्ज्ञ आहे, लातूर जिल्ह्यात काम करतो. तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या लेकीची तारीख जवळ आली आहे.

धोका वाढत नाही. नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठं भावंड असलेली सुमारे ९५ हजार मुलं त्यात होती. ज्यांचं मोठं भावंड स्वमग्न होतं, त्या मुलांमध्येही लस घेतल्याने प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. डेन्मार्कचा २०१९ चा अभ्यास तर ६,५७,४६१ मुलांचा आहे. लस घेतलेली आणि न घेतलेली, दोघांत फरक नाही. जपानने १९९३ मध्ये एमएमआर बंद केली, त्यानंतरही योकोहामात निदानं वाढतच राहिली. लस कारण असती तर ती घटायला हवी होती.

लसीतल्या पाऱ्यामुळे स्वमग्नता होते, असंही कुणीतरी काढेलच, म्हणून सांगून ठेवतो. गोवर-रुबेलाच्या लसीत पारा नसतो. ती जिवंत विषाणूची लस आहे, असलं संरक्षक घातलं तर विषाणूच मरेल. म्हणून तर कुपी फोडल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते. पेंटाव्हॅलंटसारख्या (पाच रोगांवरची एकत्र लस) बहुडोस कुपीत थायोमर्सल हे पाऱ्याचं संरक्षक असतं, हे लपवायचं कारण नाही. डेन्मार्कने ते १९९२ मध्ये बंद केलं, तरी तिथली निदानं वाढत गेली.

आता सरकारचं. रॉबर्ट केनेडी ज्युनियर फेब्रुवारी २०२५ पासून तिथले आरोग्यमंत्री आहेत. मंत्री होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते लसींवर हा आरोप करत आले आहेत. जूनमध्ये त्यांनी लसींबाबत सल्ला देणाऱ्या समितीच्या सगळ्या १७ सदस्यांना काढलं. नोव्हेंबरात पान बदललं. त्या पानावर "लसींमुळे स्वमग्नता होत नाही" हे शीर्षक तसंच ठेवलं, फक्त त्याला तारांकन (*) जोडलं आणि खाली खुलासा दिला, की सिनेटच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षांशी ठरलं होतं म्हणून ते काढलेलं नाही. ते अध्यक्ष बिल कॅसिडी, केनेडींच्याच बाजूच्या पक्षाचे, पेशाने डॉक्टर. केनेडींच्या नेमणुकीला त्यांनीच मत दिलं होतं, आणि पान बदलल्यावर लसींमुळे स्वमग्नता होत नाही हे त्यांनीच पुन्हा जाहीरपणे सांगितलं. डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही पुरावे पुन्हा तपासून तेच म्हटलं. भाऊजींना एवढंच विचारा, की नवीन कुठला अभ्यास आला म्हणून पान बदललं? माणसं बदलली, पुरावा नाही.

"शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही" या वाक्यावर त्या पानाचा सगळा डोलारा आहे. सिद्धेश्वराच्या तलावात मगर नाही, हे असं कधीच कुणाला सिद्ध करता येणार नाही. पण पन्नास वेळा, वेगवेगळ्या लोकांनी, मोठमोठी जाळी टाकून काही सापडलं नसेल, तर पोरांना पायरीवर बसू द्यायचं की नाही हे ठरवता येतं.

व्हिडिओबद्दल : आठ महिन्यांचं बाळ एका दिवशी नावाला वळलं नाही, यावरून काहीच ठरत नाही. गर्दीत, दागिन्यांच्या नादात बरीच बाळं वळत नाहीत. खुणा बहुतेक वेळा दीड-दोन वर्षांच्या सुमारास घरच्यांच्या नजरेत भरतात आणि लसीची तारीखही तेव्हाच असते, म्हणून गाठ पडते. काही मुलांचे आलेले शब्द जातात, तेही याच वयात. मूळ मात्र बहुतांशी अनुवांशिक. पाच देशांतल्या २० लाख मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात अनुवांशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला.

*

प्रतिसाद : डॉक्टरसाहेब, कंपन्या कमावतात, सरकारं खोटं बोलतात, हेही खरं आहे ना? शंका घेतली तर लगेच अडाणी का ठरवता?

*

प्रतिसाद (धागाकर्ती) : दादा, तुम्हाला कुणी अडाणी म्हणत नाहीये. मीही शंका घेतली, म्हणून तर दोन रात्री वाचत बसले. कंपन्यांना नफा हवा असतो हे मान्य. पण गोवरची ही लस महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते, आणि पैसे घेऊन लिहिल्याचं उघड झालं ते लसीच्या विरोधात लिहिणाऱ्याचं.

*

प्रतिसाद : मी सोलापुरातच नागरी आरोग्य केंद्रात काम करते. नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हाही मोबाईलवर काय काय फिरलं होतं. दारात उभं करत नव्हते आम्हाला. मग २०२२ मध्ये गोवंडीत गोवरानं लेकरं गेली, तेव्हा त्याच घरांतून निरोप आले, ताई, आमचं कार्ड बघा की. गोवर म्हणजे अंगावर पुरळ येऊन जाणारी देवी नव्हे ओ. न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते. २०२५ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमध्ये, लस न घेतलेली दोन मुलं गेली. लेकीला घेऊन या. सुईनंतर ताप आला तर काय करायचं ते तिथेच समजावून सांगू. अर्धा तास बसवून घेतो आम्ही, घाई करून पळू नका.

*

प्रतिसाद : मी एका स्वमग्न मुलाची आई आहे. मुलगा आता अकरा वर्षांचा. तो व्हिडिओ दाखवू नका. कळकळीने सांगते. तुम्हाला वाटतंय, त्यांना दिसेल की सुईच्या आधीपासून होतं. त्यांना दिसेल की आठ महिन्यांपासून होतं आणि आपल्याला कळलं नाही. एक दोष काढून दुसरा हातात द्याल. मी आमचे सगळे जुने फोटो दोन वर्षं असेच चाळत होते. दाखवण्यापेक्षा त्यांच्याजवळ बसा. आणि पुतण्याची थेरपी कोण करतं, किती दिवस, हे विचारा. आमच्या घरात कारणावर सगळे भांडायचे, आणि पोराला घेऊन जायला कुणी नसायचं.

*

प्रतिसाद (धागाकर्ती) : सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण मध्ये बरंच काही झालं.

भाऊजींना विचारलं, "नवीन अभ्यास कुठला आला?" त्यांनी शोधला. खरंच बसून शोधला, याचं मला कौतुक वाटलं. मग म्हणाले, "तू तुझं ठरव, मी आड येणार नाही." पटलं असं म्हणाले नाहीत. नवरा मात्र पूर्ण निश्चिंत झाला, त्याला त्या भावंडांच्या अभ्यासाचाच आधार हवा होता. येत्या गुरुवारी आम्ही जातोय.

व्हिडिओ दाखवला नाही. परवा दुपारी गच्चीवर ताईंसोबत शेंगा निवडत बसले होते. मी एवढंच म्हटलं, "ताई, तुमच्या हातानं काही झालेलं नाही, मला खात्री आहे." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बोरन्हाणाचा व्हिडिओ आहे ना तुझ्याकडं? माझ्याकडं पण आहे. कितीदा बघितलाय मी."

त्यांना ठाऊक होतं. तीन वर्षं झाली, त्यांना ठाऊक आहे की सुईच्या आधीपासून काहीतरी वेगळं होतं. मी विचारलं, मग आईंसमोर तसं का म्हणता? त्या म्हणाल्या, "सुई नसली तर मग कुठनं आलं म्हणतील? माझ्या माहेरावर जाईल ते. माझा मामेभाऊ उशिरा बोललाय, आईंना माहीत आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय."

मला काही सुचलं नाही. मी इतके दिवस आकडे गोळा करत होते आणि त्या हे सगळं एकटीनं सांभाळत होत्या.

त्यामुळे आता मदत वेगळी हवी आहे. डॉक्टरांनी लिहिलंय ते अनुवांशिकतेचं खरं असेल, पण आमच्या घरात तो शब्द उच्चारला की तो सरळ ताईंच्या माहेरी जाऊन पडेल. जनुकं दोन्हीकडून येतात, काही बदल तर आईबापांत नसतात, बाळातच नव्याने होतात, असं मी वाचलं. हे आईंना, सातवी शिकलेल्या, मनाने वाईट नसलेल्या बाईला, कुणाचंही माहेर-सासर मध्ये न आणता कसं सांगायचं? कुणी आपल्या घरात सांगितलं असेल तर नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितलं, ते लिहा. मराठीत हवं, कन्नडमध्ये कुणाला सांगता येत असेल तर तेही, म्हणजे ताईंच्या आईलाही ऐकवता येईल.

आणि त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या आईला : तुम्ही विचारायला सांगितलं ते विचारलं. थेरपी आठवड्यातून दोनदा आहे, दर वेळी ताई एकट्याच रिक्षाने नेतात. मंगळवारी मी नेणार आहे. तिथे बाहेर बसून राहायचं असतं की आत बघू देतात?