जिवेभावे करायचं, पण दरवेळी त्याच चौघींनी?

नगरची
जय ख्रिस्त. आमच्या चर्चच्या मंडळीत (नाव देत नाही) नाताळच्या जेवणाची भांडी, संडे स्कूल, प्रभुभोजनाचे पेले धुणं, सगळं महिला मंडळाकडे. त्यातही हात चालतात ते ठरलेल्या चौघींचे, आणि चौघीही नोकरी करणाऱ्या. यंदा मीटिंगमध्ये मी सुचवलं, भांड्यांना बाई लावू, पैसे पास्टरेट कमिटीने (मंडळीचा कारभार बघणारी) द्यावेत. लगेच एका वडीलधाऱ्यांनी बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं कलस्सै 3:23 काढलं, जे काही करता ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. विषय तिथेच मिटला.
पण एक ओळ मागे जाऊन बघा. ते सांगणं दासांना आहे. आणि चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पौल धन्यांकडे वळतो, न्यायाने आणि समतेने वागा म्हणतो. ती ओळ आमच्या मीटिंगमध्ये अजून कोणी वाचलेली नाही.

मिरजकर
ताई, दासांना सांगितलंय म्हणूनच ते वचन मोठं आहे. ज्याला ना मजुरी ना शाबासकी, त्याला पौल म्हणतो तुझं काम प्रभूच्या खाती आहे, आणि पुढच्याच ओळीत वतन, म्हणजे वारसा देतो. दासाला कुठलं आलंय वतन! बाई लावा, भांडी लख्ख होतील. मग चर्चमध्ये आपण फक्त बसायला जायचं का?
निराधार बायकांसाठीचं केडगावचं मुक्ती मिशन आठवा. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या, बायबल छापून आलं 1924 मध्ये. छपाईचे खिळे जुळवले तिथल्याच मुलीबायकांनी. एकेक अक्षर उचलून! हे पगाराच्या हिशोबात बसतं का?

नगरची
दादा, रमाबाईंनी त्याच बायकांना छपाई, विणकाम, शेती शिकवून पोटाला लावलं. आमच्या चौघींना मंडळीने काय शिकवलं? पातेली घासायला आम्ही घरूनच शिकून आलो होतो.

वाचत_बसलेला
😄 मिरजकर, यावर बोला.

मिरजकर
बोलतो की. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा आपला स्वतंत्र भक्तमेळा मांडला. वय पंचावन्नच्या घरात, पुढे उत्पन्नाची खात्री नाही. तेही हिशोब मांडत बसले असते तर?

जालन्याची_लेक
टिळकांचं उदाहरण देताना जरा जपून. ते हातातलं देऊन टाकत, आणि घरात उद्याचं कसं भागवायचं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बघत. लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचताना आपण खळखळून हसतो, पण त्या हसण्याखाली काय आहे तेही दिसतं. एकाने सर्वस्व अर्पण केलं की घरातलं दुसरं कुणीतरी न विचारता त्यात अर्पण होतं. नगरची म्हणतायत ते हेच आहे, फक्त मंडळीच्या मापाचं.
आणि सेवा चर्चच्या कंपाउंडातच का मोजायची? डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 साली जामखेडला गेले. अक्षरओळख नसलेल्या, कितीतरी दलित बायकांना हाताशी धरून त्यांनी गावोगावी आरोग्यसेविका उभ्या केल्या. बाळंतपण, पोरांची वजनं, प्यायचं पाणी. 1979 मध्ये मॅगसेसे मिळाला तो या रोजच्या कामाला. माझ्या ओळखीतली एक नर्स रविवारी ड्यूटी करते म्हणून तिला ‘थंड विश्वासाची’ म्हणतात. वॉर्डात ती जे करते ते प्रभूसाठी नाही?

मिरजकर
नर्सबाईंबद्दल शंभर टक्के मान्य. टिळकांच्या घराबद्दलही, नाइलाजाने. पण मंडळीचं काम पैसे टाकून करून घ्यायला माझा विरोध कायम.

उशिरा_आलेला
बाई लावायची की नाही हा वाद हवाच कशाला? प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. रोजच्या वाटपात काही विधवांची आबाळ व्हायला लागली, तेव्हा पंगतीची सेवा बघायला सात जण निवडले. सातही पुरुष, आणि निवडताना अट काय, तर आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण. स्तेफन त्यातलाच. पंगतीचं काम इतकं पवित्र असेल तर मंडळीतल्या वडिलांना त्यातून सूट कोणी दिली?

नगरची
हे घेऊन जाते पुढच्या मीटिंगला. पाळीची यादी करू, पहिलं नाव कलस्सैवाल्या काकांचं.

मिरजकर
काका आले नाहीत तर?

नगरची
तर मग चौथ्या अध्यायाची पहिली ओळ मी मोठ्याने वाचणार.