मदत हवी आहे : मका-सोयाबीन पट्ट्यात युरियाचा हप्ता किती आणि नेमका कुठे द्यावा?

नमस्कार मंडळी,

मक्याच्या २ ओळी, मग सोयाबीनच्या ४ ओळी, अशी पट्टा पद्धतीने पेरणी आहे. सगळ्या ओळींतलं अंतर सारखंच, ४५ सेंमी. पेरतानाच सरसकट हेक्टरी २० किलो नत्र आणि सोबत स्फुरद-पालाश दिलंय. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र पकडणारे जिवाणू) चोळलं होतं. आता मका गुडघ्याला आलाय आणि त्याची खालची पानं पिवळी पडायला लागलीत. पिवळेपणा पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवरून आत उतरतोय, कडा अजून हिरव्या आहेत. म्हणजे मका नत्राला भुकेला आहे, हे उघड आहे.

अडचण आकड्याची आहे. नुसता मका असता तर हेक्टरी १२० किलो नत्र धरलं असतं. इथे एक तृतीयांश ओळी मक्याच्या, म्हणून ४० किलो पुरे, असं एकाचं म्हणणं. दुसरे म्हणतात, मका मुख्य पीक, त्याला पूर्ण १२० द्या, सोयाबीन आपलं आपण भागवेल. तिसरं मत अगदी उलटं : शेजारी सोयाबीन आहे, तेच मक्याला नत्र पुरवेल, हात आखडता घ्या.

काल सोयाबीनची काही झाडं ढेकळासकट खणून बादलीत धुतली. (उपटली की गाठी मातीतच तुटून राहतात, म्हणून खणलीच पाहिजेत.) मक्याला लागून असलेल्या ओळीत मुख्य मुळाभोवती गाठींचा दाट घोस होता, नखाने फोडल्या तर आतून गुलाबी-लाल. पण कडेला जिथे शेणखताचा ढीग होता, तिथली झाडं उंच, काळपट हिरवी आणि गाठी मोजक्याच, बारीक, आतून पांढरट. जमिनीत आयतं नत्र मिळालं की सोयाबीन हवेतलं नत्र घेण्याचं काम थांबवतं, हे समोरच दिसलं. म्हणून युरिया फेकून द्यायची हिंमत होत नाही.

तर, मक्याला किती द्यावं, किती हप्त्यांत आणि सोयाबीनच्या गाठींना धक्का न लावता कुठे टाकावं? आणि या रानात पुढच्या पिकाचं नत्र किती कमी करता येईल?

प्रतिसाद

गाठी फोडून बघितल्या हे फार चांगलं केलंत. मक्याशेजारची ओळ जास्त गाठी का दाखवते, त्याचं कारणही तुमच्या निरीक्षणातच आहे. मक्याची मुळं जमिनीतलं नत्र भराभर ओढतात, शेजारच्या सोयाबीनला ते कमी उरतं आणि त्याला हवेवर जास्त विसंबावं लागतं. या जोडीचा खरा फायदा हाच. सोयाबीनच्या मुळांतून त्याच हंगामात मक्याला मिळणारं नत्र फारच थोडं असतं, त्यामुळे तिसऱ्या मतावर जाऊ नका.

पूर्ण १२० सुद्धा देऊ नका. मका माजेल, सोयाबीनवर सावली धरेल, आणि सावलीत झाडाला साखर कमी पडली की गाठीही उपाशी राहतात.

आता ४० चं बघू. क्षेत्राच्या हिशोबाने ते बरोबर, पण तुमच्या ओळी ४५ सेंमीवर आहेत. नुसता मका ६० सेंमीवर पेरला तर हेक्टरी सुमारे १६,६६७ मीटर ओळ बसते, म्हणजे १२० किलोच्या हिशोबाने मीटरला ७.२ ग्रॅम नत्र. तुमच्याकडे मक्याची ओळ हेक्टरी ७,४०० मीटरच्या आसपास भरते. ओळीतल्या झाडांचं अंतर नेहमीचंच असेल, तर मक्याची गरज ५३ किलोवर जाते. पेरतानाचं मीटरला ०.९ ग्रॅम वजा केलं की ६.३ ग्रॅम उरतं, म्हणजे साधारण १३.७ ग्रॅम युरिया. हेक्टरी जेमतेम १०० किलो. अर्धा आता, अर्धा तुरा निघायच्या आधी.

जागा तर तुमच्या मांडणीनेच ठरवून दिली आहे : मक्याच्या दोन ओळींच्या मधली पट्टी. तिथे दोन्ही बाजूंनी मक्याचीच मुळं येतात. बारीक तास (चर) पाडा, युरिया सोडा, लगेच मातीआड करा. वापसा (जमीन ओलसर, पण चिखल नाही) असताना द्या. ओल्या जमिनीवर उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो. सोयाबीनच्या बाजूला काहीही टाकू नका.

पुढच्या पिकाबद्दल मात्र आशा आवरती ठेवा. सोयाबीनच्या दाण्यात ६ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. २ टन दाणे शेताबाहेर गेले की १२० किलो नत्र गेलं. पालापाचोळा आणि भुसा रानात परत गेला तर थोडी कपात करा, नेला तर अजिबात नको.

धागाकर्ता

मनापासून आभार. दोन ओळींच्या मधली पट्टी डोक्यातच आली नव्हती, आणि मीटरचा हिशोब तर वहीत उतरवून घेतला. अजून एकच विचारतो : शेणखताच्या ढिगाजवळच्या मक्यालाही हाच हप्ता द्यायचा का? आणि तिथल्या सोयाबीनच्या गाठी नंतर सुधारतील का?

प्रतिसाद

तिथला मका हिरवा असेल तर हा हप्ता गाळा, पुढच्याच्या वेळी खालची पानं बघून ठरवा. मक्याने तिथलं जास्तीचं नत्र ओढून घेतलं की सोयाबीनवर नव्या गाठी येऊ शकतात. फुलोऱ्याच्या सुमारास पुन्हा दोन-चार झाडं खणा. गाठी आतून गुलाबी दिसल्या तर काळजी नाही. तेव्हाही पांढऱ्याच असतील आणि पानं फिकी पडत असतील, तर तेवढ्याच तुकड्यात सोयाबीनला हलका हात द्यावा लागेल, बाकी शेतात नाही.