'किरकोळ', 'संकीर्ण' की आणखी काही?

सुमेधा_क
आमच्या सोसायटीचा वार्षिक हिशेब इंग्रजीतून मराठीत करतेय. पाणी, वीज, लिफ्ट, सफाई ही सदरं सरळ बसली. शेवटच्या 'मिसलेनियस'ला 'संकीर्ण' लिहिलं, तर समितीतल्या मूळच्या लखनौच्या काकांनी हटकलं. हिंदीत संकीर्ण म्हणजे अरुंद, कोतं. 'किरकोळ' लिहावं तर त्यात टाकीच्या दुरुस्तीचे १८ हजार आहेत. ते किरकोळ कसे? काय लिहू?

तिसरे_कांड
संकीर्णच ठेवा. संस्कृतात त्याचा अर्थ मिसळलेलं, सरमिसळ. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात 'संकीर्णवर्ग' आहेच. हिंदीने अर्थ आवळला म्हणून आपण शब्द का टाकायचा?

बेळगावकर
किरकोळ मला कानडीतून आलेला वाटतो. 'किरु' म्हणजे लहान. आजच्या कानडीत मात्र 'किरुकुळ' म्हणजे छळ. त्यामुळे कुणी 'किरकोळ त्रास' म्हटलं की मला एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटते.

खडूफळा
'सादिलवार' कुणालाच कसा आठवला नाही? वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. खडू, डस्टर, फळ्याचा काळा रंग, माठ, केरसुणी, सगळं सादिलवारात. रात्री कंदिलाजवळ पावत्या टाचणीला लावत बसायचे. सादिर-वारिद, म्हणजे जाणारं-येणारं, त्यावरून शब्द आला असं ते सांगत.

तिसरे_कांड
म्हणजे पुन्हा फारसी दप्तर! शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? दहा वर्ग पाडून कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते.

खडूफळा
दिले होते, तरी पेशवे दप्तर फारसी शब्दांनी भरलेलंच आहे. 'यादी'तली 'याद'ही तिकडचीच. हिशेब, खर्च, सदर, दुरुस्ती यांचं काय करणार? लग्नात याद्या करायच्या सोडून 'सूच्या' करायच्या का? भाषा वापरणाऱ्यांची असते हो.

मिरगाचा_पाऊस
आईच्या यादीत शेवटची ओळ कायम 'सटरफटर' असे. त्यापुढे सुया, मेणबत्त्या, इलॅस्टिक, गोंद. पाठकोऱ्या कागदावर, आधी डाळी, मग तेल-तूप, मग मसाले. भाजी यादीत कधीच नाही, ती 'बाजारा'त. यादी फक्त वाणसामानाची.

वऱ्हाडी_ठेचा
वाणसामान हा शब्द मी पुण्यात आल्यावर पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे किराणा. आणि यादी नाही, 'चिठ्ठी'. 'दुकानात चिठ्ठी देऊन ये' असंच म्हणत.

बेळगावकर
सुमेधाताई, टाकीला वेगळं सदर द्या. १८ हजारांची गोष्ट उरल्यासुरल्यात ढकलली म्हणून शब्द अडतोय. बाकीचं खुशाल किरकोळ म्हणा.

सुमेधा_क
पटतंय, पण मूळ ताळेबंद मंजूर झालाय, सदरं वाढवता येणार नाहीत. मला फक्त नाव हवंय, उद्या छपाई आहे. 'इतर' चालेल?

तिसरे_कांड
'इतर' म्हणजे दुसरे. कशाहून दुसरे? संकीर्ण नेमका आहे.

मिरगाचा_पाऊस
@वऱ्हाडी_ठेचा, पण चिठ्ठी तर निरोपाची ना? दुकानदाराकडे उधारीची चिठ्ठी वेगळी असायची का?

वऱ्हाडी_ठेचा
उधारीची वही असायची, लाल कापडी बांधणीची. आमच्या पानावर वर आजोबांचं नाव होतं, ते गेल्यावरही कितीतरी वर्षं तसंच.