विषय: पुन्हा: ऑरलँडो सहल, रांग चुकवायचा पास घ्यायचा का?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

थँक्सगिव्हिंगच्या ऑरलँडो सहलीला नावं दिलेल्या बऱ्याच घरांतून एकच प्रश्न येतोय. तिकिटांवर एवढा खर्च झाल्यावर वर रांग चुकवायचा पासही घ्यायचा का? समितीने सगळ्यांसाठी एकदमच घेऊन टाकावा, अशीही एक सूचना आहे. बेत असा: तीन दिवस डिस्ने (मॅजिक किंगडम, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम) आणि एक दिवस युनिव्हर्सल. निम्मी घरं डिस्नेच्या हॉटेलात, निम्मी बाहेर भाड्याच्या घरात. काहींकडे भारतातून आईबाबा आलेले असतील, काहींकडे तीन वर्षांखालची मुलं. ज्यांना यातलं नीट ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल

समितीने सगळ्यांचा पास एकदम घेऊ नये. हा पास पार्क बघून घ्यायचा आणि घरातल्या माणसांतही निवडून घ्यायचा.

आधी नावांचा घोळ सोडवतो. जुना फुकटचा फास्टपास २०२० साली पार्क बंद झाली तेव्हा गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पैसे देऊन घ्यायचा जीनी प्लस आला आणि जुलै २०२४ पासून त्याचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. पैसे माणशी, दिवसाप्रमाणे आकारतात. तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे दर बदलतो, त्यावर साडेसहा टक्के सेल्स टॅक्स. याशिवाय काही बड्या राइड्स मल्टी पासमध्ये येतच नाहीत. ट्रॉन, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, राइज ऑफ द रेझिस्टन्स आणि फ्लाइट ऑफ पॅसेज यांचा सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो, दिवसाला जास्तीत जास्त दोन. म्हणजे मल्टी पास घेतला की सगळं आलं, असं नाही.

मल्टी पासमध्ये आधी तीन राइड्स निवडता येतात. मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइड्सचे दोन गट पाडलेत: गर्दीच्या गटातली एक घ्यायची, दुसऱ्या गटातल्या दोन. अ‍ॅनिमल किंगडमला गट नाहीत. प्रत्येक राइडला एका तासाची वेळ मिळते. तीनपैकी एक वापरली की चौथी घेता येते, मग पाचवी, असं दिवसभर चालतं. पहिली वापरल्यावर गटाचं बंधनही उठतं.

लोकांचे पैसे वाया जातात ते नेमके इथे. डिस्नेचं अ‍ॅप सुचवतं तीच वेळ लोक मान्य करतात. तिन्ही राइड्स दुपारी दोन, चार आणि सहाला मिळतात. मग दोन वाजेपर्यंत नवीन काही घेता येत नाही आणि अख्ख्या दिवसात चार-पाच राइड्सच पदरात पडतात. म्हणून तीनपैकी निदान एक राइड, कुठलीही चालेल, पार्क उघडल्याच्या पहिल्या तासातली हवी. हॉन्टेड मॅन्शन सकाळी नऊ-दहाची मिळत असेल तर घेऊन टाका. आत शिरताना डिस्नेचा मनगटी बँड किंवा फोन टेकवला, हिरवा दिवा लागला, की रांगेत चालता चालताच पुढची शोधायला लागा. हाच क्रम दिवसभर ठेवला तर मॅजिक किंगडममध्ये पास वसूल होतो, कारण तिथे पासाच्या राइड्स सर्वांत जास्त आहेत.

हॉलिवूड स्टुडिओजमध्ये गर्दीच्या गटातून स्लिंकी डॉग डॅश घ्या. सगळ्यात आधी तीच संपते. अ‍ॅनिमल किंगडमला मल्टी पास घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पार्क उघडतानाच थेट फ्लाइट ऑफ पॅसेजला जा, तिथून किलिमांजारो सफारी. सकाळच्या गारव्यात प्राणीही हिंडताना दिसतात.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

माहिती उत्तम, पण हिशोबही मांडू या. खालचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. आपापल्या तारखेचा दर अ‍ॅपमध्ये बघून बदलून घ्या.

मॅजिक किंगडमचा दर ३५ डॉलर धरला तर चौघांचे १४०, टॅक्स धरून १४९ डॉलर १० सेंट. सहा राइड्स झाल्या आणि प्रत्येकीत ४० मिनिटं वाचली तर एकूण चार तास वाचले, म्हणजे अख्ख्या कुटुंबाला तासामागे ३७ डॉलर पडले. तेच तीनच राइड्स झाल्या आणि प्रत्येकीत २५ मिनिटंच वाचली, तर सव्वा तास वाचला आणि तो तासामागे ११९ डॉलरला पडला. पास तोच, पैसे तेवढेच. थँक्सगिव्हिंगला पहिलं गणित जमेल, जानेवारीच्या शेवटी एखाद्या मंगळवारी बहुधा दुसरं. म्हणून दर बघायच्या आधी, आपल्याला ज्या राइड्स करायच्याच आहेत त्यांची यादी काढा आणि त्यातल्या किती पासात बसतात ते मोजा.

डिस्नेच्याच प्रीमियर पासबद्दलही दोघा-तिघांनी विचारलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो सुरू झाला. वेळ घ्यायची नाही, पासाच्या प्रत्येक राइडला एकदा केव्हाही जायचं. सुरुवातीचेच दर असे होते: अ‍ॅनिमल किंगडम १२९ ते १९९, हॉलिवूड स्टुडिओज २६९ ते ३४९, मॅजिक किंगडम ३२९ ते ४४९ डॉलर, तेही माणशी. चौघांना मॅजिक किंगडमचा एक दिवस कमीत कमी १३१६ डॉलर, टॅक्स वेगळा. सहलीचा एक आख्खा दिवस वाढवला तरी यापेक्षा स्वस्त पडेल. मंडळाच्या कुठल्याही घराला मी तो सुचवणार नाही.

एक शंका आहे. पास घेणारे इतके असतील तर पासवाल्यांची रांगही तुंबत असेल ना?

---

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल

काका, तुंबते, पण पासवाल्यांची कमी आणि बिनपासवाल्यांची जास्त. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, दोन्ही शेवटपर्यंत वेगळ्याच राहतात. इथे दोन्ही रांगा राइडच्या तोंडाशी एकत्र होतात आणि तिथे उभा असलेला कर्मचारी कोणाला सोडायचं ते ठरवतो. समजा एका राइडमध्ये तासाला १००० माणसं बसतात आणि त्यातल्या ७०० जागा पासवाल्यांना दिल्या. उरल्या ३००. साध्या रांगेत ३०० माणसं असतील तर बाहेरून ती रांग छोटी दिसते, पण शेवटच्या माणसाला पूर्ण तास लागतो. म्हणून रांगेच्या लांबीवर जाऊ नका, बाहेरच्या फलकावरची मिनिटं बघा. राइड तासभर बंद राहून परत सुरू झाली की साचलेले सगळे पासवाले एकदम येतात. तेव्हा अर्धा तास तिकडे फिरकू नये. आधी ते जातात आणि साधी रांग जागची हलत नाही.

तुमच्या वेळेत राइडच बंद पडली तर पास बुडत नाही. मल्टी पासची ती राइड आपोआप बदलून येते आणि त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या राइडला चालते. कोणत्या राइड्सना चालते ती यादी अ‍ॅपमध्ये दिसते. अडलं तर पार्कमध्ये निळ्या छत्र्यांखाली उभे असणारे गेस्ट एक्स्पीरियन्सचे लोक सोडवून देतात. मात्र तुम्हीच उशिरा पोचलात किंवा बेत बदलला, तर पैसे परत मिळत नाहीत. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की फ्लोरिडात दुपारी विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. स्लिंकी, ट्रॉन, एक्स्पिडिशन एव्हरेस्ट यांच्या वेळा सकाळच्याच घ्या.

---

प्रेषक: सभासद, शॉमबर्ग

माझा मुद्दा आजी-आजोबा आणि लहान मुलांचा.

तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीटही लागत नाही आणि पासही नाही. तीनच्या वरच्यांची उंची आधी घरी मोजा, जी चपला-बूट सहलीत घालणार तीच घालून. स्लिंकी आणि सेव्हन ड्वार्फ्सला ३८ इंच, राइज ऑफ द रेझिस्टन्सला ४०, स्पेस माउंटन आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ४४, ट्रॉनला ४८. राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि अर्धा इंच कमी भरला तरी सोडत नाहीत. अशा मुलासाठी त्या राइडचा सिंगल पास घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याऐवजी रायडर स्विच मागा, तो फुकट आहे. एक मोठं माणूस मुलाजवळ थांबतं, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेल्या माणसाला पुन्हा साधी रांग लावावी लागत नाही. पण राइडच्या दाराशी सगळ्यांनी मिळून जायचं आणि आत शिरण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. नंतर सांगून उपयोग नाही.

आईबाबांसाठी: गुडघे दुखतात म्हणून डीएएस (डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस, म्हणजे डिस्नेची अपंगांसाठीची सोय) मिळत नाही. २०२४ पासून ती सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींमुळे रांगेत फार वेळ थांबता न येणाऱ्यांसाठी आहे. उभं राहवत नसेल तर व्हीलचेअर घ्यायची, पण तिच्यासकट साध्या रांगेतच जावं लागतं. आता, आजी-आजोबांना झेपतील अशा राइड्स म्हणजे पीटर पॅन, जंगल क्रूझ, हॉन्टेड मॅन्शन, पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. चारही मॅजिक किंगडमच्या मल्टी पासमध्ये आहेत आणि पीटर पॅनची रांग दिवसभर मोठीच असते. तेव्हा त्या एका दिवशी त्यांचा पास जरूर घ्या. तासभर उभं राहणं वाचलं तर संध्याकाळची आतषबाजी ते आनंदाने बघतील. हॉलिवूड स्टुडिओजला मात्र त्यांच्यासाठी घेऊ नका. ज्या राइड्ससाठी तिथे पास घ्यावा, त्यांतल्या बहुतेक त्यांच्या कामाच्या नाहीत. अ‍ॅपमध्ये निवड करताना नावांपुढच्या खुणा काढता येतात. जे बसणार नाहीत त्यांची खूण काढा.

---

प्रेषक: सभासद, ऑरोरा

युनिव्हर्सलचं गणित वेगळं आहे. तिथल्या रांग चुकवायच्या पासाला, म्हणजे एक्स्प्रेसला, वेळ घ्यावी लागत नाही, केव्हाही जायचं. साधा एक्स्प्रेस प्रत्येक राइडला एकदाच चालतो, अनलिमिटेड कितीही वेळा. गर्दीच्या दिवसांत दोन्ही महाग. पण पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्यांना, खोलीत नोंदवलेल्या सगळ्यांना, अनलिमिटेड एक्स्प्रेस भाड्यातच मिळतो. तोही चेक-इनच्या आणि चेक-आउटच्या दोन्ही दिवशी. खोली चार वाजता मिळत असली तरी सकाळीच काउंटरवर नोंद करून पास घेता येतो, सामान तिथेच ठेवायचं. पास माणशी १५० धरला तर चौघांचे एका दिवसाचे ६००, दोन दिवसांचे १२०० होतात. एका रात्रीचं भाडं त्याच्याशी ताडून बघा. युनिव्हर्सलचा एक दिवस असेल तर कदाचित बरोबरी होईल, दोन दिवस असतील तर हॉटेलच स्वस्त पडतं. पार्कचं तिकीट वेगळं, हे विसरू नका. आणि मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला हॉटेलचा हा पास चालत नाही. फक्त युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर. एकटं बसायला हरकत नसेल त्यांनी सिंगल रायडरची रांग बघावी. ती फुकट आहे. मोठ्या मुलांना ती उत्तम, घोळक्याला नाही.

---

प्रेषक: सहल समिती

सगळ्यांचे मनापासून आभार. समिती एकत्र पास घेणार नाही, प्रत्येक घराने आपलं ठरवावं. फक्त बुकिंगच्या वेळा एकदा पक्क्या सांगाल का?

---

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल

ईस्टर्न टाइम सकाळी सात, म्हणजे आपल्याकडे शिकागोत सहा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या सात दिवस आधी, आणि एकाच वेळी सगळ्या मुक्कामाचं. बाहेर राहणाऱ्यांना ज्या दिवशी पार्कला जायचं त्याच्या तीन दिवस आधी, प्रत्येक पार्कचं वेगळं. गुरुवारचं मॅजिक किंगडम असेल तर सोमवारी सकाळी सहाला अ‍ॅप उघडून बसा.

आदल्या रात्री तीन कामं करून ठेवा: सगळ्यांची तिकिटं एकाच खात्याला जोडलेली आहेत ना ते बघा, कार्डाची माहिती भरा, आणि पहिल्या पसंतीच्या तीन राइड्सबरोबर पर्यायी तीन कागदावर लिहा. सकाळी आधी वेळा बदलून घ्या, मगच पैसे भरा.

ज्या घरांना पास घ्यायचा नाही त्यांनी मॅजिक किंगडमला पार्क उघडण्याच्या दीड तास आधी निघावं. तिथे गाडी लावली की लगेच पार्क येत नाही, पुढे मोनोरेल किंवा फेरीबोटीने जावं लागतं. आणि रात्री पार्क बंद व्हायच्या एक मिनिट आधी जरी रांगेत शिरलात तरी राइड मिळते. सेव्हन ड्वार्फ्स त्याच वेळी करा.